लोणकर सरांची हजेरी

जगातला कुठलाही शिक्षक वर्गात शिरला की पहिलं वाक्य 'शांत बसा' हेच म्हणतो. आमचे लोणकर सर ऑनलाइन वर्ग सुरू झाला की म्हणतात, "हाँ भई, सब लोग माइक खोलो. घर सुनाओ."

मग चाळीस घरं एकदम बोलायला लागतात. कुठे मिक्सर फिरतोय, कुठे कुत्रा भुंकतोय, कुणाचे आजोबा खोकताहेत, कुणाची आई गॅसपाशी उभी राहून फोनवर नणंदेची तक्रार सांगते आहे. मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गात डोकावले तेव्हा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, तरी सगळं ऐकू येत होतं. सर मात्र डोळे मिटून, मान जराशी कलती करून, मैफिलीत पहिल्या रांगेत बसावं तसे बसले होते. त्या गलक्यातून ते एकेक मूल वेचत होते. "कबीर आ गया. सान्वी है. तनिष्क, पंखा बंद करो, सर्दी लगेगी. आर्या, दादाजी की खाँसी आज कम है, अच्छा है." अख्ख्या वर्गाची हजेरी झाली आणि सरांनी एकदाही पडद्याकडे पाहिलं नव्हतं.

ऑनलाइन शाळा हे प्रकरण केव्हाच संपलं असेल, असं पुण्यातल्या माझ्या बहिणीला वाटतं. तिच्याकडे संपलं असेल. दिल्लीत ते दरवर्षी माहेरपणाला येतं. दिवाळीचे दिवे काढायच्या आत हवा बिघडते, समोरची इमारत दिसेनाशी होते, सरकारी आदेश निघतो आणि शाळा घरात येऊन बसते. आम्ही इथे दिल्लीच्या द्वारका भागात एका खाजगी शाळेत शिकवतो. मी गणित, लोणकर सर विज्ञान. शिवाय मी शाळेची डिजिटल को-ऑर्डिनेटर आहे. या पदासाठी लागणारी पात्रता एवढीच, की प्रिन्सिपल मॅडमचा प्रिंटर अडला होता तेव्हा मी त्याची वायर नीट खोचली. तेव्हापासून कुणाचाही आवाज येत नसेल किंवा नको तितका येत असेल तर फोन मला येतो.

मला स्वतःला शांतता आवडते. गणिताला ती लागतेच. माझ्या ऑनलाइन वर्गात सगळे माइक बंद असतात, शंका असेल तर मुलं हात वर केल्याचं चिन्ह दाखवतात, मी नाव घेते, मूल बोलतं, पुन्हा बंद. इतका शिस्तीचा वर्ग प्रत्यक्ष शाळेत मला एकदाही मिळालेला नाही.

सरांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पण ते त्यांनी फक्त मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेलं. वडील फौजेत हवालदार, त्यामुळे जन्म, शाळा, कॉलेज सगळं दिल्ली छावणीच्या आसपास. मराठी चांगली बोलतात, पण मधूनमधून खडे लागतात. "अच्छा, पाटणकर मॅडम, तुमचं म्हणणं बिल्कुल बरोबर आहे, पण यार…" एवढं झालं की थांबतात, जीभ चावतात आणि म्हणतात, "सॉरी. छावणीची भाषा." इतक्या वर्षांत ते 'यार'ही सुटलेलं नाही आणि 'सॉरी'ही.

अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. तो ऑक्टोबरात चढतो आणि होळीला उतरतो. खिशात पेनाऐवजी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो दोन पात्यांचा लोखंडी काटा, जो आपटला की गुणगुणतो. स्टाफ मीटिंग लांबली की सर तो हळूच गुडघ्यावर मारतात आणि त्याचं बूड टेबलाला टेकवतात. लांबलचक टेबल आहे आमचं. प्रिन्सिपल मॅडम 'एकविसाव्या शतकातली कौशल्यं' या विषयावर बोलत असतात आणि त्यांच्या कोपरांखालचं लाकूड गुणगुणायला लागतं. एकदा त्यांनी सुताराला बोलावून टेबल तपासून घेतलं होतं.

ऐकणं हा सरांचा एकच विषय. विज्ञान त्यातूनच यायचं. द्वारका विमानांच्या वाटेवर आहे. विमान उतरायला लागलं की अर्ध्या वर्गाच्या माइकमधून त्याची घरघर येते. इतर शिक्षक तेवढ्यापुरते गप्प होतात. सर म्हणायचे, "रुको. किसके यहाँ पहले आया?" आधी कबीरच्या खिडकीवरून, मग सान्वीच्या, मग आर्याच्या. सरांनी मुलांकडून सोसायट्यांचा नकाशा काढून घेतला, मधली अंतरं मोजायला लावली आणि विमानाचा वेग काढायला लावला. उत्तर अर्थातच चुकलं. ते विमान बैलगाडीपेक्षा थोडं बरं निघालं. पण पुढे ते गणित माझ्या वर्गात आलं आणि मुलं चूक कुठे झाली यावर पूर्ण तास भांडली, तेही हात वर करायला विसरून.

प्रणव नावाचा मुलगा एकदा घरी नव्हता, फरीदाबादला आजोळी होता. त्याने सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, "ये तुम्हारा घर नहीं है. तुम्हारे यहाँ कारख़ाने का भोंपू नहीं बजता. फरीदाबाद में हो, नानी के पास?" त्या बिचाऱ्याने घाबरून कॅमेरा चालू केला, तर हातात पराठा.

सगळ्यांत गाजला तो तनिष्क. या पठ्ठ्याने आपल्या घराचा आवाज एक दिवस रेकॉर्ड करून ठेवला आणि पुढचे दिवस तोच लावून पांघरुणात झोपून राहिला. कल्पना उत्तम होती. सरांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तनिष्क बेटा, तुम्हारे यहाँ कुकर रोज़ एक ही टाइम पर सीटी मारता है? दाल को घड़ी देखनी आती है क्या?" हे वाक्य शाळेत म्हणीसारखं झालं. कुणी नेहमीची सबब पुढे केली की आम्ही शिक्षकही एकमेकांना विचारायचो, दाल को घड़ी देखनी आती है क्या.

शनिवारी आम्ही काही शिक्षक एकत्र बसून 'साझा पाठ' तयार करतो. ही माझी योजना. एकच धडा चौघांनी चार वेळा कशाला तयार करायचा, सगळ्यांनी मिळून एकदाच चांगला करावा आणि स्लाइड सगळ्यांनी वापराव्यात. हिंदीच्या भाटिया मॅडम चित्रं शोधतात, मी क्रम लावते, सर मोडता घालतात. ध्वनीच्या धड्यात मी हलणारी सुंदर घंटा घातली होती. सर म्हणाले, "मॅडम, घंटा वाजवायची असते. दाखवायची कशाला?" शेवटी ती घंटा राहिली, पण सरांनी कुणाला न सांगता दर पाच-सहा स्लाइडनंतर एक पांढरीफटक स्लाइड घातली. तिच्यावर काही नाही. त्यांच्या हिशेबाने तिथे थांबून ऐकायचं होतं. एकदा सरांच्या ऐवजी तो तास घेणाऱ्या भाटिया मॅडमना ते माहीत नव्हतं. त्यांनी भर वर्गातून मला फोन केला, "पाटणकर, सिस्टम हँग हो गया." मी दोनदा त्यांचा संगणक बंद करून चालू करायला लावला. दोन्ही वेळा तो मोठ्या प्रामाणिकपणे त्याच पांढऱ्या स्लाइडवर येऊन थांबला.

हजेरीचा शेवट ठरलेला असायचा. सगळी घरं ऐकून झाली की मुलं ओरडायची, "सर, अब आपका घर." सर स्वतःचा माइक किंचित वळवायचे आणि थोड्याच वेळात त्यांच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी यायची. मग मुलांचे अंदाज. "छोले!" "कढ़ी!" "सर, पुलाव?" सर सगळ्यांना झुलवून शेवटी जाहीर करायचे, "राजमा." कधी वरणफळं, कधी मटकीची उसळ. मग मटकी म्हणजे काय आणि तिला मोड कसे येतात यावर पाच मिनिटं. भाटिया मॅडमची मुलगी सरांच्या याच वर्गात, आठवी ब मध्ये आहे, त्यामुळे सरांकडचा बेत दहा वाजेपर्यंत सगळ्या शिक्षकांना कळलेला असायचा.

गंमत अशी की घरी एवढं रांधलं जात असताना सर शाळेच्या दिवसांत डबा मात्र हमखास विसरायचे. विसरायचे म्हणजे रोज. आम्ही चिडवायचो, "सर, वहिनी सकाळी उठून इतकं करतात आणि तुम्ही ते ओट्यावर ठेवून येता." सर कपाळाला हात लावायचे. "अच्छा, उद्या बिल्कुल आणतो." मग कुणाकडची अर्धी पोळी, कुणाकडचं लोणचं, एक केळं, असं त्यांचं जेवण व्हायचं. त्या माऊलीला काय वाटत असेल, असं मला नेहमी वाटायचं.

वहिनींना मी एकदाच भेटले होते, मराठी मंडळाच्या गणपतीत. आवाज खणखणीत. मांडवाच्या एका टोकाला उभ्या राहून दुसऱ्या टोकाला असलेल्या सरांना त्यांनी विचारलं होतं, "अहो, प्रसाद घेतलात का?" आणि मधल्या चार जणांनी दचकून 'हो' म्हटलं होतं. नंतर मुलीचं बाळंतपण म्हणून त्या बंगलोरला गेल्याचं कानावर आलं होतं. पण त्याला बरेच दिवस झाले. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, बेत चालू होते, म्हणजे वहिनी केव्हाच परत आल्या असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मी गणित शिकवते, पण हा हिशेब काही मी कधी मांडून पाहिला नाही.

यंदा धूर आला आणि शाळा घरात गेली, तशी सरांच्या हजेरीची कटकट सुरू झाली. एका मुलाच्या वडिलांची ऑफिसची मीटिंग आठवी ब ने पूर्ण ऐकली आणि त्यांच्या साहेबांनी आठवी ब ऐकली. त्यांनी शाळेला खरमरीत तक्रार केली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका घरात तर आईवडिलांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि माइक उघडा होता. भाटियांच्या मुलीने सांगितलं, की नेमकी त्याच वेळी सरांच्या हातून स्टीलची परात फरशीवर पडली. इतका मोठा आवाज झाला की पुढचं कुणाला काही कळलंच नाही. "सॉरी बच्चों, मेरे हाथ से गिर गई," असं म्हणत सरांनी ती उचलताना आणखी एकदा पाडली, आणि तेवढ्यात त्या एका घराचा माइक बंद झालेला होता. हे ऐकून मी म्हटलं होतं, सर आता वयामुळे धांदरट व्हायला लागलेत.

प्रिन्सिपल मॅडमनी नियम काढला. सोमवारपासून सगळ्या वर्गांत सगळे माइक बंद. लोणकर सरांना ते जमणार नसेल तर आठवी ब ला विज्ञानाचे रेकॉर्ड केलेले पाठ दाखवायचे आणि सरांनी ऑनलाइनच्या काळात वर्ग न घेता वह्या तपासाव्यात. आणि ते जमतंय की नाही हे पाहायला को-ऑर्डिनेटर म्हणून मी सोमवारी त्यांच्या घरी जाऊन शेजारी बसायचं. सरांच्या हातून झालं नाही तर माझ्या लॅपटॉपवरून बटण दाबायचं. एकदा दाबलं की मुलांना आपला माइक उघडताच येत नाही. मला हा नियम मनापासून पटला होता. सरांना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं "अच्छा" म्हणाले. त्यापुढचं 'बिल्कुल' आलं नाही. मग म्हणाले, "आठ वाजता या. चहा घेऊ. वर्ग साडेआठला."

सरांची सोसायटी माझ्या घरापासून दोन सेक्टर पलीकडे. मास्क लावून गेले. तिसरा मजला. दाराबाहेरच्या कपाटात चपलांचा एकच जोड आणि बुटांचाही एकच. आत हॉल नीटनेटका, इतका की कुणी राहतं की नाही अशी शंका यावी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची सरांनी माझ्यासाठी भिंतीपासून ओढून आणली, तिच्यावरची धूळ स्वेटरच्या काठाने पुसली.

"वहिनी?" मी विचारलं.

"बसा, चहा टाकतो," सर म्हणाले आणि आत गेले.

बराच वेळ डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. साखर सापडत नव्हती. मी उठून आत गेले. दोन शेगड्यांतल्या एकीवर कुकर होता, खालचा गॅस नुकताच पेटवलेला, शिट्टी अजून बसवायची होती. चहाच्या पातेल्याला जागा करायला मी तो जरा सरकवला, आणि तो इतका हलका होता की हातच वर आला. झाकण काढून पाहिलं. तळाशी पाणी. बाकी काही नाही.

"अहो सर, यात काही घातलंच नाहीत. नुसतं पाणी ठेवलंय. विसरलात."

सर माझ्या हातातल्या झाकणाकडे पाहत होते. "विसरलो नाही, मॅडम," ते म्हणाले. "शिट्टीला डाळ लागत नाही. वाफ पुरते."

विज्ञानाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं. सरांनी पातेल्यात पाणी घातलं, आलं किसलं, मग त्या चहाकडेच बघत सांगायला लागले.

"ती बंगलोरलाच आहे. नातू लहान आहे, मुलगी-जावई दोघं ऑफिसात. मी म्हटलं, बाळाला घेऊन इकडे या सगळे. तर म्हणते, त्या धुरात आणू त्याला? बरोबर आहे तिचं. बिल्कुल." चहाला उकळी आली, त्यांनी गॅस बारीक केला. "व्हिडिओ कॉल होतो ना रोज संध्याकाळी. पण तेव्हाच तो झोपलेला असतो, म्हणून ती आवाज बंद ठेवते. हातांनी बोलते." त्यांनी पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया उंचावल्या. जेवलात का. "मी मान हलवतो. तिला बरं वाटतं."

मला मांडवातला तो आवाज आठवला आणि फार वाईट वाटलं.

"पहिल्या वर्षी ती इथे होती तेव्हा खरंच शिट्टी व्हायची हो. मुलांनी तेव्हापासून हे सुरू केलं, सर, आपका घर. ती मुलं पुढे गेली, नवी आली, पण विचारणं थांबलं नाही. आता मी त्यांची चाळीस घरं ऐकायची आणि त्यांनी माझं विचारलं तर काय ऐकवू? फ्रिज?" सर हसले. "एकदा ऐकवला होता. एक मुलगी म्हणाली, सर, आप ठीक हो? दुसऱ्या दिवशी कुकर ठेवला."

"आणि जेवता काय?"

"खालून डबा येतो संध्याकाळी. सकाळी ब्रेड. चलो यार, वर्गाची वेळ झाली." मग जीभ चावली. "सॉरी."

सर चहा घेऊन बाहेर गेले. मी तिथेच थांबले. फळीवरचे डबे उघडत गेले. तूरडाळ होती, तांदूळ होते, हळद होती. डाळ-तांदूळ धुऊन मी दोन भांड्यांत घातले, ती कुकरात ठेवली, शिट्टी बसवली आणि गॅस मोठा केला. मग बाहेर जाऊन त्या पुसलेल्या खुर्चीवर बसले, हेडफोन लावला आणि लॅपटॉप उघडला. मी त्यांच्या वर्गात होते. ते बटण समोरच होतं.

"गुड मॉर्निंग बच्चों," सर म्हणाले. सगळी मुलं आली होती. सरांनी घसा साफ केला. "आज से एक नया नियम है. आज से हम लोग माइक…" तिथेच थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. विनंती केली नाही. वर्गात नवीन काही मांडताना मुलाकडे पाहावं तसं, हिला कळतंय का, एवढंच पाहिलं. मी लॅपटॉपवरचा हात काढून चहाच्या कपाला लावला.

"माइक खोलो," सर म्हणाले. "घर सुनाओ. और जिसके घर में मीटिंग है, वो बाल्कनी में जाए."

घरं सुरू झाली. मिक्सर, आजोबा, कुत्रा. सर डोळे मिटून नावं घेत गेले. या वेळी मी हेडफोन काढला नाही. आर्याच्या घरी कुणीतरी झाडू मारत होतं, तो आवाजही मला वेगळा काढता आला, आणि त्याचा मला उगाचच अभिमान वाटला.

"सर, अब आपका घर."

सरांनी माइक वळवला. शिट्टी आली नाही. येणार कशी, भरलेला कुकर तापायला वेळ घेतो. सर स्वयंपाकघराकडे पाहायला लागले. आत मी काय केलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पडद्यावर चाळीस घरं गप्प झाली. पंखा बंद, मिक्सर बंद. ही मुलं माझ्या वर्गातही कधी इतकी शांत नव्हती.

"सर?" सान्वी म्हणाली. "सीटी नहीं आई?"

हेडफोन काढून मी उठले. आत गेले, मांडणीवरून दोन ताटं काढली, वाट्या काढल्या, आणि त्या ओट्यावर मांडताना जेवढा आवाज करता येईल तेवढा केला. एक वाटी खाली पाडली. उचलताना पुन्हा पाडली.

बाहेरून एकच गिल्ला ऐकू आला. "सर, कोई आया है! आपके घर में कोई है!"

"हाँ," सर म्हणाले. "मेहमान हैं. पाटणकर मैडम."

"मैथ्स वाली?" तनिष्कने विचारलं. त्याच्या आवाजात जी निराशा होती तिची मी पुढे परीक्षेत दखल घेणार आहे.

आणि तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली. पूर्ण वाफेची, फुरफुरणारी, डाळीचं पाणी झाकणावर उडवणारी. मी गॅस बारीक करून दारात आले. सर पाठमोरे होते. पडद्यावर सान्वीने कान माइकपाशी आणला होता.

"सर," ती म्हणाली, "आज वाली भारी है." मग जरा थांबून, "सर, आज सच्ची दाल है ना?"

कुणीही हसलं नाही. कुणी छोले किंवा कढी ओरडलं नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सरांनीच तर त्यांना ऐकायला शिकवलं होतं. आणि तरी रोज सकाळी चाळीस मुलं विचारत होती, सर, आज क्या बना है, आणि मटकीला मोड कसे येतात ते पुन्हा ऐकून घेत होती.

सरांनी चष्मा काढला, स्वेटरच्या काठाने पुसला, पुन्हा लावला. खिशातला काटा गुडघ्यावर आपटला आणि टेबलाला टेकवला. माझा चहाचा कप बशीत थरथरायला लागला.

"हाँ," ते म्हणाले. "आज सच्ची है. चलो, किताब खोलो."

प्रिन्सिपल मॅडमना मी तिथूनच कळवलं, की आठवी ब मध्ये ध्वनीचं प्रात्यक्षिक चालू आहे, त्यामुळे माइक बंद ठेवता येणार नाहीत. ज्यांच्या घरी मीटिंग असेल त्यांना मी स्वतः फोन करेन. हे प्रात्यक्षिक किती दिवस चालेल, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, हवा सुधारेपर्यंत.

वर्ग संपल्यावर आम्ही जेवायला बसलो. सकाळी साडेनऊला वरण-भात मी आयुष्यात खाल्ला नव्हता. पहिल्याच घासाला कळलं, की वरणात मीठ घालायला मी विसरले होते. सरांनी दोनदा घेतलं.